चकोत्यातलं वकीलपत्र

कागद पाकिटात घालावा, वर पत्ता लिहावा, कोपऱ्यात तिकीट चिकटवावं आणि लाल पेटीत टाकून मोकळं व्हावं, एवढी साधी गोष्ट ज्याला उभ्या जन्मात एकदाही करावीशी वाटली नाही असा एकच माणूस देवाने घडवला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. नुसता मामा असता तरी मी निभावून नेलं असतं. सणासुदीला भेटलो असतो, पाया पडलो असतो, विडा खाल्ला असता आणि आपापल्या घरी गेलो असतो. पण ते माझे अशीलही होते. वकिलीची पाटी लावल्यावर मिळालेले पहिले अशील, आणि तेही सासरचे, म्हणजे 'दुसरा वकील बघा' असं ज्यांना काही केल्या सांगता येत नाही त्यांतले. त्यांचा दावा माझ्याकडे जितकी वर्षं चालला तितकी वर्षं माझ्या घरात फळ, भाजी, उशी किंवा चप्पल यांपैकी कशाकडेही मला निर्मळ मनाने बघता आलं नाही.

मी मूळचा निपाणीचा. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या त्या सुमाराला बेंगळुरात आलो आणि शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि कायद्याची जुनी पुस्तकं मांडून बसलो. बायकोचं माहेर मात्र इथलं, आणि इथलं म्हणजे अगदी जुनं. तिचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यांच्या मराठीत कानडी इतकी मुरलेली की लग्नानंतर पहिलं वर्षभर मी सासुरवाडीत नुसती मान हलवत होतो. मामा देवनहळ्ळीला राहायचे. उंच, वाळकुडे, डोक्याला पांढरा रुमाल आणि अंगात कायम एक खाकी कोट. त्या कोटाला खिसे भरपूर होते, पण त्यांतल्या एकातही कधी कागदाचा कपटा सापडायचा नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "खिशात कागद असतो हे सगळ्यांस ठावं आहे, अल्लवा?" अल्लवा म्हणजे नाही का.

त्यांचा दावा होता वाटेचा. देवनहळ्ळीचा चकोता सगळ्या मुलखात प्रसिद्ध. चकोता म्हणजे आपलं पपनस. मामांची चकोत्याची बाग गावाबाहेर होती आणि तिथं जाणारी गाडीवाट शेजाऱ्याच्या शेतातून होती. पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने गाड्या गेल्या, आणि एक दिवस शेजाऱ्याने काटेरी कुंपण घालून ती बंद केली. आता बागेत जायचं तर तळ्याच्या बांधावरून, आणि बांध इतका अरुंद की माणसांनी एकामागून एक चालायचं. फळं काय, डोक्यावरूनही नेता आली असती. पण मामांचं दुखणं फळांचं नव्हतंच. मामी वारल्या तेव्हा मामांनी त्यांना बागेतच मातीत ठेवलं होतं, त्यांच्यात तशीच रीत, वर लहानसा कट्टा बांधला होता, आणि त्या कट्ट्याशेजारी स्वतःपुरती जागा मोकळी सोडली होती. दावा घेऊन पहिल्यांदा आले तेव्हा ते मला म्हणाले, "अळियंद्रे," कानडीत जावयाला मानाने असं म्हणतात, "मला बांधावरनं नेता येणार नाही. चार खांदे बांधावर मावत नाहीत. मग काय, मला पोत्यासारखं पाठीवर टाकून नेणार का ही पोरं? मी माझ्या वाटंनं, चौघांच्या खांद्यावरनं, उताणा जाणार. तेवढं करून द्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण माझ्या आलं, आणि त्या भरात मी हो म्हणून बसलो. पुढे काय वाढून ठेवलं आहे याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

मी वकीलपत्राचा कागद त्यांच्याबरोबर दिला. घरी जाऊन भावकीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि टपालाने पाठवून द्या, असं नीट सांगितलं. आठवड्याने देवनहळ्ळीच्या बसचा कंडक्टर दारात पोतं टाकून गेला. पोत्यात चकोते. बायको हरखली. जेवणानंतर तिने त्यातला सर्वांत मोठा, लहान मुलाच्या डोक्याएवढा चकोता पाटावर ठेवला आणि त्याच्यावर विळा चालवला. आत फोडी नव्हत्या. केळीच्या पानाची एक सुरळी होती, आणि सुरळीच्या आत माझं वकीलपत्र, विळ्याने मधोमध कापलेलं, रसाने भिजलेलं. सगळ्यांच्या सह्या एकमेकींच्या अंगावर वाहून गेल्या होत्या. नंतर मी बारकाईने पाहिलं तेव्हा त्या कारागिरीची मला धडकीच भरली. देठाकडची टोपी हलक्या हाताने कापून काढलेली, आतला गर कोरलेला, सुरळी बसवलेली, आणि टोपी बाभळीच्या काट्यांनी इतकी बेमालूम पुन्हा लावलेली की खुद्द चकोत्यालाही कळू नये. मी संतापून निरोप धाडला की कागद खराब झाला, दुसरा पाठवा. दुसराही आला. तोही चकोत्यातूनच. फरक इतकाच की या वेळी पोत्यातला कुठला चकोता ते ओळखण्यासाठी खूण केली होती, आणि ती खूण काय हे सांगायला मामा विसरले होते. आम्ही सगळं पोतं कापलं. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात सकाळी चकोता, दुपारी चकोता, आणि शेजारीपाजारी मला पाहून दार लावून घ्यायला लागले.

पुढच्या खेपेला ते स्वतः आले तेव्हा मी त्यांना समोर बसवून टपालखात्याची सगळी महती सांगितली. रजिस्टर केलं की पावती मिळते, हरवलं तर सरकारला जाब विचारता येतो, वगैरे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या आज्याकडं सनद होती. गावच्या मानाची. एकदा कचेरीत दाखवायला मागवली, तर आज्यानं माणसाच्या हातात दिली. हातात! उघडी! कागदासारखा कागद गेला, तो परत आला नाही. तवापासून आमच्या घराण्यात कागद कागदासारखा जात नाही. सरी?" सरी, म्हणजे बरोबर ना. मी म्हटलं, मामा, त्याला शंभर वर्षं झाली असतील. "हां," ते म्हणाले, "आणि तवापासून एकबी हरवला नाही, नोडी, बघा."

मग सुरू झालं ते असं की मला वकिली कमी आणि जकातनाक्यावरची झडती जास्त करावी लागली. सातबाऱ्यासारखे इकडचे जमिनीचे उतारे आले ते नव्या चपलांच्या तळव्यांत शिवून. ती चप्पल मला भेट म्हणून आली होती, आणि मी ती घालून कोर्टात गेलो, दिवसभर 'देवनहळ्ळीहून कागद आले नाहीत' म्हणून पुढची तारीख मागत कागदांवरच उभा होतो. मोजणीचा नकाशा आला तो तर दोन तुकड्यांत, कारण मामांच्या मते सगळा नकाशा एका माणसाबरोबर पाठवणं धोक्याचं. एक अर्धा कंडक्टरने लोण्याच्या गाडग्याखाली चिकटवून आणला आणि दुसरा अर्धा एक बांगडीवाली घेऊन आली, बांगड्यांच्या पुडक्याला गुंडाळून, आणि तिने आधी बायकोला सगळ्या बांगड्या दाखवल्याशिवाय पुडकं सोडायला साफ नकार दिला. मी मामांना विचारलं, "मामा, एक अर्धा चोरीला गेला असता तर?" "चोराला काय कळणार त्यातनं?" "आणि आपल्याला?" "आपल्यास काय, आपल्यास वाट ठावीच आहे की!" एकदा कोंबड्यांचं खुराडं आलं. त्याच्याविषयी मी काही लिहीत नाही. त्या कागदाची नक्कल काढायला मी स्वतः गेलो आणि कारकुनाला मूळ कागद कशाने खराब झाला ते सांगितलं नाही, एवढंच.

बरं, कागद कशात आहे हे तरी कळावं! पण नाही. माल एकाबरोबर यायचा आणि खूण दुसऱ्याबरोबर. दोघं एकत्र आले तर दोघांनाही फोडता येईल, असं मामांचं म्हणणं. त्यामुळे सोमवारी भोपळा यायचा आणि बुधवारी कुणीतरी अनोळखी माणूस दारात येऊन नुसतं म्हणायचा, "भोपळ्यात नाही म्हणाले." म्हणजे कशात, हे त्याला सांगितलेलंच नसायचं. बायकोने शेवटी विणकामाची एक लांब सुई चुलीजवळ टांगून ठेवली होती. घरात येणारी प्रत्येक भाजी आधी तिने टोचून मगच चिरली जायची. इतर अशिलांनाही याचा ताप झाला. एका भल्या गृहस्थाने केस जिंकल्याच्या आनंदात फणस आणून दिला, तर मी त्यांच्यादेखत तो उलटासुलटा करून देठाशी नखाने खरवडून पाहिला. त्यांनी पुन्हा मला काही दिलं नाही. वैतागून मी बायकोला म्हणालो, "तुझ्या मामांना सांग, माझ्याच्यानं हे होणार नाही." ती उशीचा अभ्रा तपासत होती. म्हणाली, "तुम्हीच सांगा की. मला पुट्टी म्हणून हाक मारतात ते. पुट्टीनं असं सांगितलं तर त्यांना काय वाटेल?" पुट्टी म्हणजे छोटी. मी सांगितलं नाही. तिलाही ठाऊक होतं की मी सांगणार नाही.

दाव्याचा सगळा भार एका कागदावर होता. मामांच्या पणजोबांच्या वेळचं वाटणीपत्र. जमिनीची वाटणी झाली तेव्हा गाडीवाट दोन्ही बाजूंनी मोकळी राहील असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. आधी दाखल केलेली नक्कल समोरच्या वकिलांनी खोटी ठरवायला घेतली होती, म्हणून मूळ कागद कोर्टापुढे ठेवणं भाग होतं. तारीख ठरली. या खेपेला मी देवनहळ्ळीला जाऊन मामांच्या हातापाया पडलो. म्हटलं, तुम्ही स्वतः घेऊन या, उघडा आणा, मी तुमच्याबरोबर बसमध्ये बसतो. हा कागद हरवला तर वाटही गेली आणि सगळंच गेलं. मामा म्हणाले, "सरी सरी, काळजी करू नका." त्यांनी काळजी करू नका म्हटलं की मला घाम फुटायचा.

त्याच सुमारास आमच्या घरी मुलगी झाली होती. बारशाला मामांकडून चकोत्याचं पोतं आलं आणि जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांची एक जाड, मऊ कौदी आली. गोधडीला इकडे कौदी म्हणतात. पोतं मी दाराबाहेरच अडवलं, एकूण एक चकोता कापला, पोत्याची शिवणही उसवली. काही नाही. कौदीला मी हात लावला नाही, कारण ती बाळासाठी होती, आणि काही झालं तरी माणूस लेकराच्या अंथरुणात दाव्याचे कागद घालणार नाही असा माझा तोपर्यंत तरी समज होता. त्या कौदीवर आमची कन्या रात्रंदिवस झोपली, आणि त्या वयातली मुलं झोपेत जे काही करतात ते सगळं तिने त्या कौदीवर मनसोक्त केलं. बायकोने ती कितीदा धुतली, पिळली, दगडावर आपटली आणि उन्हात वाळवली, त्याला हिशेब नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी मामा येऊन थडकले. हात रिकामे. मी म्हटलं, "कागद?" मामा म्हणाले, "मिळाला न्हवं?" मी नाही म्हणून मान हलवली. "कुठला माणूस निरोप घेऊन आला नाही?" ते म्हणाले. "आमच्याकडच्या फुलवाल्यास सांगितलं होतं. ताप आला असेल त्याला." मग ते उठून सरळ आत गेले. पाळण्याजवळ जाऊन त्यांनी नातीच्या गालाला बोट लावलं आणि हळूच तिच्या खालची कौदी ओढून घेतली. बायको ओरडली, "मामा, मी धुतली हो ती! आपटून आपटून धुतली!" "धुणारच की," मामा म्हणाले, "लेकराची कौदी कुणी धुतल्याबिगर ठेवतं का?" आणि त्यांनी कोटाच्या खिशातल्या चाकूने मधली शिवण उसवली. आत मेणकापड होतं, चारी बाजूंनी डांबराने बंद केलेलं. मेणकापडात आणखी एक मेणकापड. त्यात वाटणीपत्र, कोरडं ठणठणीत, जसं लिहिलं तसं. मामांनी माझ्याकडे बघून समजावून सांगितलं, "अळियंद्रे, चोर सगळीकडं हात घालेल. पण लेकराच्या ओल्या अंथरुणात कोण हात घालतो? सांगा." मी बाहेर जाऊन एकटाच बसस्टँडपर्यंत फेरी मारून आलो.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी तो कागद पुढे केला. अक्षर न्‌ अक्षर स्वच्छ होतं, पण इतके दिवस ज्या संगतीत तो राहिला होता तिचा थोडासा परिणाम होणारच. मुन्सफसाहेबांनी तो वाचायला जवळ घेतला, थबकले, आणि पुन्हा एकदा जरा लांब धरून वाचला. समोरचे वकील ज्येष्ठ, मोठे खमके. ते उठले. जुना कागद खरा मानायचा तर तो योग्य ताब्यातून आलेला असला पाहिजे, हा कायदा, आणि तो बरोबरच आहे. त्यांनी विचारलं, "हा कागद आतापर्यंत कुणाच्या ताब्यात होता?" माझ्या तोंडून खरं तेच निघालं. मी म्हटलं, "सध्या माझ्या मुलीच्या." "मुलीचं वय?" मी वय सांगितलं. कोर्टात हशा पिकला. मुन्सफसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा नाकाशी नेला आणि पेशकाराला म्हणाले, "वकीलसाहेब खरं सांगताहेत."

मग मामांना साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावलं. त्याआधी कागद घरी कुठे ठेवत होतात, हा प्रश्न. मामांनी पिंजऱ्याच्या कठड्याला धरून सगळ्या कोर्टावरून नजर फिरवली, समोरच्या वकिलांकडे पाहिलं, शेजाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडेही पाहिलं, आणि कानडीत म्हणाले, "एवढ्या माणसांत कसं सांगू? मग ती जागा गेलीच की." मी कपाळाला हात लावला. माझ्या डोळ्यांपुढे बांधावरून पोत्यासारखे चाललेले मामा दिसायला लागले. सगळा दावा तिथे त्या एका उत्तरासाठी अडला होता, आणि माणूस आजोबांपासून चालत आलेली लपवण्याची जागा सांगायला तयार नव्हता. मुन्सफसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. ते म्हातारे होते, बहुधा निवृत्तीला आलेले. शेवटी त्यांनी दोन्ही वकिलांना जवळ बोलावलं, समोरच्या वकिलांना विचारलं की साक्षीदाराने कानात सांगितलेलं चालेल का. ते खमके असले तरी मनाने मोठे. म्हणाले, "चालेल. मलाही कानातच सांगा म्हणावं." मामांनी आधी मुन्सफसाहेबांच्या कानात सांगितलं, मग त्या वकिलांच्या. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि समोरचे वकील काही न बोलता जागेवर जाऊन बसले. मुन्सफसाहेबांनी लिहून घेतलं की साक्षीदाराने जागा सांगितली असून ती कोर्टाला योग्य वाटते. मी तेवढा उरलो. बाहेर आल्यावर मी मामांना म्हटलं, "निदान मला तरी सांगा, मी तुमचा वकील!" मामा म्हणाले, "तुम्ही घरचे. घरच्यांनाच तर आधी विचारतात सगळे."

निकाल राखून ठेवला गेला. दिवसांमागून दिवस गेले. कोर्टाला जमिनीच्या पट्टीची एक किरकोळ पावती हवी होती, ती पाठवा म्हणून मी मामांना निरोप दिला आणि सवयीप्रमाणे सुई तयार ठेवली. भोपळा आला नाही, कोंबडं आलं नाही, कुणी अनोळखी माणूस दारात उभा राहून काही म्हणाला नाही. एका सकाळी पोस्टमन आला आणि त्याने माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. साधं पिवळं पाकीट, रजिस्टर केलेलं, वर मामांच्या मुलाच्या अक्षरात माझा पत्ता, कोपऱ्यात तिकिटं. आत पावती, चार घड्या घातलेली, स्वच्छ. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी घसा कोरडा केला तेच हातात आलं होतं. मी बायकोला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून आली, तिने पाकिटाकडे पाहिलं, आणि पदराने हात पुसता पुसता थांबली. "मामांना काय झालं?" ती म्हणाली.

त्यांना झटका आला होता. डावा हात लुळा पडला होता, एका हाताने चकोता कोरता येत नव्हता. मुलाने वडिलांना न विचारता पावती टपालात टाकली होती. त्याच आठवड्यात निकाल लागला. वाट मोकळी करावी, कुंपण काढावं. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल हातात पडल्यावर मी बॅगेत घालणार, तेवढ्यात बायकोने ती माझ्या हातातून काढून घेतली. ती शिवाजीनगरच्या बाजारात जाऊन एक मोठा चकोता घेऊन आली. देवनहळ्ळीला चकोता घेऊन जाणारा आजवर दुसरा कुणी झाला नसेल. तिने टोपी कापली, गर कोरला, नक्कल मेणकापडात आणि मग केळीच्या पानात गुंडाळली. काटे मी लावले. दोन काटे मोडले आणि अंगठ्यातून रक्त आलं, तेव्हा कुठे मला कळलं की मामा इतकी वर्षं हे काय करत होते. बसमध्ये तोच जुना कंडक्टर होता. माझ्या मांडीवरचं फळ बघून म्हणाला, "काय वक्कीलरे, माल उलटा चाललाय?" आणि त्याने माझ्याकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत.

मामा खाटेवर होते. मी चकोता त्यांच्या उजव्या हातात दिला. त्यांनी तो तोलून पाहिला, नाकाशी नेला, अंगठ्याने देठाभोवती चाचपलं आणि त्यांचा अर्धा चेहरा हसला. जीभ जड झाली होती, तरी म्हणाले, "टोपी... स्वल्प वाकडी बसली." मी नक्कल काढून वाटेचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग कागद मागून घेतला, उशाखाली सरकवला, आणि मी तिथे आहे तोवर हात त्याच्यावरून काढला नाही. माझा त्यांच्यावर किती जीव होता हे मला त्या खाटेशेजारी बसल्यावर समजलं, आणि ते त्यांना सांगायचं सोडून मी 'पाणी हवं का' असं विचारत राहिलो.

पावसाळ्यानंतर ते गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा तयारी झाली होती. चौघांनी खांद्यावर घेतलं आणि सगळे गाडीवाटेपाशी आलो. कुंपण निघालेलं नव्हतं. शेजारी तिथेच उभा होता, सोबत त्याची दोन माणसं. तो म्हणाला, निकाल झाला म्हणता, तर कागद दाखवा. मामांच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. घरात शोधाशोध झाली. उशाखाली नव्हता. खाटेच्या दोऱ्यांत नव्हता. धान्याच्या कणग्या, चुलीमागचा कोनाडा, देव्हारा, कोटाचे सगळे खिसे, कुठेच नव्हता. एक हात लुळा पडलेल्या माणसाने तो कुणाला कळू न देता कुठे नेऊन ठेवला, देव जाणे. मी परत येऊन शेजाऱ्याला हात जोडून खरं तेच सांगितलं, की कागद आहे, पण मामांनी लपवला आहे, आणि तो आम्हाला सापडत नाही. मग त्याने खांद्यावरच्या मामांकडे पाहिलं. लहानपणापासून शेजारी राहिलेला माणूस तो, या घराण्याची पद्धत त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्याच्या ओठांना कंप सुटला. तो हसतोय की काय ते मला आधी कळेना, पण त्याने उपरण्याने डोळे पुसले. "कागद बेडा," तो म्हणाला. कागद नको. आणि त्याने स्वतःच्या हाताने काटेरी फांद्या ओढून बाजूला केल्या, आणि पुढे होऊन एकाचा खांदा मागून घेतला.

मामा आपल्या वाटेने, चौघांच्या खांद्यावरून, उताणे, सगळ्यांच्या देखत गेले. निकालाची ती नक्कल अजून कुणाला सापडलेली नाही. मुलगा मधूनमधून म्हणतो, कोर्टात अर्ज करून दुसरी काढून द्या. मी हो म्हणतो. बायको आजही चकोता कापण्याआधी देठाशी अंगठा फिरवून बघते, आणि मी तिच्यासमोर बसलेला असतो.